खुळेपणाची थोरवी

आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्या माणसाला सगळे खुळा म्हणतात. या लेखात मी त्या खुळेपणाची स्तुती करणार आहे. गालातल्या गालात हसत करायची ही स्तुती नव्हे. मला ती मनापासून करायची आहे.

त्यांना मी नाना म्हणतो. अमळनेर तालुक्यातून ताप्ती लाइनच्या गाडीने ते तरुणपणी सुरतच्या उधन्याला उतरले आणि पांडेसरा जीआयडीसीतल्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर लागले. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून चाळीत एक खोली घेतली, दोन मुली उजवल्या, मुलाला महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली माणसं घरात अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि मिलमध्ये हिंदी. भिंतीपलीकडे गंजामचा ओडिया कामगार राहतो, त्याच्या पलीकडे उत्तर प्रदेशातला.

नानांचा खुळेपणा असा, की समोर कुणीही आलं तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच: “कोन गावना?” नुसतं “मी पाटील” म्हणून भागत नाही. खानदेशात पाटील म्हटल्याने कुणाचीच ओळख पटत नाही. कुठले पाटील, कोणतं गाव, कोणता तालुका, त्या गावात आमचा अमुक राहतो त्याला ओळखता का, असं चालू होतं. गॅसची टाकी आणणाऱ्याला ते हे विचारतात आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही. नातीने एकदा ऑनलाइन काही मागवायला फोन पुढे केला, तर फोनकडे बघून त्यांनी तेच विचारलं. पोरं हसून लोळली. मीही हसलो. पुढे महिना संपायच्या आत मी, गल्लीतला पदवीधर, एका बनावट पानावर पैसे घालवून बसलो होतो.

माझी हकिकत थोडक्यात सांगतो. संध्याकाळी संदेश आला, की केवायसी अपुरी असल्यामुळे तुमचं खातं आज रात्री बंद होईल. खाली लिंक. उघडली तर माझ्या बँकेचंच पान, तेच बोधचिन्ह, तोच निळा रंग. वर एक घड्याळ उलटं चालत होतं, आठ मिनिटं, सात मिनिटं. मी खाते क्रमांक भरला, जन्मतारीख भरली, आलेला ओटीपी भरला. चौदा हजार रुपये गेले. पांडेसऱ्यात चौदा हजार म्हणजे एका माणसाचं महिनाभर उभं राहणं असतं. पण मला आजही जास्त सलतं ते पुढचं: मी दोन दिवस कुणाला काही बोललो नाही. बायकोलाही नाही. बँकेलाही नाही. शिकलेला माणूस असा फसला हे लोकांना कळलं तर काय म्हणतील, एवढाच विचार डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी त्याच खात्यातून आणखी सहा हजार गेले.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. समर्थांनी या दोन जाती वेगळ्या का ठेवल्या असतील, ते मला त्या दोन दिवसांत उमजलं. मूर्ख दिसायला नको म्हणून जो प्रश्न विचारत नाही, आणि फसल्यावर मूर्ख ठरू नये म्हणून जो तोंड उघडत नाही, तो दुसऱ्या जातीतला. बनावट साइट बांधणाऱ्याला हाच माणूस हवा असतो. नानांसारखा माणूस त्याला परवडत नाही. नाना वेळ फार खातात.

मी शेवटी नानांपाशीच बोललो. त्यांनी आधी पानाचा पत्ता मागितला. फोटो काढून ठेवला होता, तो दाखवला. नानांना इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचता येतात, मिलमध्ये लॉट नंबर वाचून वाचून शिकलेली. त्यांनी पत्ता शेवटाकडून वाचायला घेतला. पाकिटावरचा पत्ताही ते असाच वाचतात. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गल्ली, आणि घराचं नाव सगळ्यात शेवटी. घराचं नाव मालकाच्या हौसेचं असतं. जिल्हा कुणाच्या हौसेने बदलत नाही.

वेबसाइटचा पत्ता असाच वाचायचा असतो, हे मला संगणकाच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीच्या तिरक्या जोडरेघा सोडायच्या, पुढे पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिथून डावीकडे चालायचं. रेघेला चिकटलेले शेवटचे दोन तुकडे म्हणजे त्या साइटचं गाव आणि जिल्हा. शेपटी ‘को डॉट इन’ किंवा ‘गव्ह डॉट इन’ अशी जोडीची असेल तर तीन तुकडे बघायचे. त्याच्याही डावीकडे जे काही असेल ते घराचं नाव, आणि तिथे ठगाला वाटेल ते लिहिता येतं. माझ्या बँकेचं नाव त्या पत्त्यात होतं, पण अगदी डावीकडे. रेघेजवळ होतं ‘अपडेट-केवायसी डॉट टॉप’. नाना म्हणाले, “हाई बँक कोन गावनी?” मग स्वतःच उत्तर दिलं, “टॉप गावनी. आपली बँक तठली नही.”

बँकांच्या बाबतीत हा प्रश्न आता विचारायला पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं, की भारतातल्या बँकांना ‘बँक डॉट इन’ अशी स्वतंत्र शेपटी मिळेल, आणि पुढे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांनी आपल्या साइट तिकडे न्याव्यात असं सांगितलं. ही शेपटी हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि ती बँकेलाच मिळते, मला-तुम्हाला पैसे देऊनही मिळत नाही. म्हणजे बँकांना एकदाचं गाव मिळालं. मात्र ‘बँक डॉट इन’ संपल्याबरोबर तिरकी रेघ आली पाहिजे किंवा पत्ता संपला पाहिजे. त्याच्या पुढे आणखी एक टिंब आणि आणखी काही शब्द जोडलेले असतील, तर ‘बँक डॉट इन’ हे फक्त घराचं नाव झालं आणि गाव पुढेच कुठेतरी आहे.

अक्षरांचीही फसवणूक असते. इंग्रजी आर आणि एन शेजारी दाटीने बसवले की लांबून एमसारखे दिसतात. ओच्या जागी शून्य बसतं. रशियन लिपीतला एक ए तर इंग्रजी ए सारखा हुबेहूब असतो, पण यंत्राच्या लेखी तो वेगळा, म्हणून त्याचं गावही वेगळं. मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. लहानपणी आपण सगळे घ आणि ध मध्ये अडखळलो आहोत, आणि ‘ख’ सुटा लिहिला की ‘रव’ वाचला जातो म्हणून छापील ख ची शेपटी पुढच्या दांडीला जोडायची पद्धत पडली. एका अक्षरासाठी लिपी बदलणारे आपण आहोत. मग बँकेच्या पत्त्यावरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचणाऱ्या म्हाताऱ्याला अडाणी कसं म्हणायचं? तो फक्त आपल्या वाटणीची दोन मिनिटं खर्च करतो आहे.

मला त्या दिवशी धीर दिला होता पत्त्याशेजारच्या कुलुपाने. शाळेपासून ऐकलं होतं, कुलूप दिसलं की साइट सुरक्षित. कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमचा फोन आणि ते पान यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की चोर, ते कुलूप सांगत नाही. अशी प्रमाणपत्रं गेली दहा वर्षं फुकट मिळतात आणि चोरही ती घेतात. लोक याला भुलतात हे ध्यानात आल्यावर गुगलने सप्टेंबर 2023 मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह ठेवलं. नानांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, खोलीला कुलूप आहे म्हणून भाडेकरू चांगला, असं घरमालक कधी समजतो का?

आता घाईबद्दल. नानांच्या खुळेपणाचा हा दुसरा भाग, आणि गल्लीत तो जास्त बदनाम आहे. त्यांना काहीही लगेच करता येत नाही. खातं बंद होणार असा संदेश आला तर ते दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन शाखेत जातात, टोकन घेतात, दीड तास बसतात आणि खिडकीवर विचारतात, “माझं खातं बंद होणार आहे का?” मागच्या रांगेतले कुरकुरतात. मला हा दीड तास फार मोलाचा वाटतो. मी पाहिलेल्या प्रत्येक बनावट पानावर घाई होती. उलटं चालणारं घड्याळ, शेवटच्या तीन जागा, आज रात्री वीज तोडणार. ज्या माणसाला घाई करता येत नाही त्याच्यापुढे हे सगळं पान लुळं पडतं.

आमच्याकडे सगळ्यात मोठी घाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होते. लेकी माहेरी जातात, नोकरदार गावी जातात, भुसावळच्या दिशेची तिकिटं मिळत नाहीत आणि माणूस मिळेल त्या वाटेने तिकीट शोधतो. एप्रिल 2023 मध्ये, ऐन आखाजीच्या तोंडावर, आयआरसीटीसीने लोकांना सावध केलं होतं, की ‘आयआरसीटीसी कनेक्ट’ नावाची एक एपीके फाइल संदेशांतून फिरते आहे, ती फोनमध्ये घेऊ नका. अशी एपीके म्हणजे अॅपच्या दुकानाबाहेरून, कुणीतरी हातात दिलेलं अॅप. ते घेतलं आणि मागेल ती परवानगी दिली की फोनचे संदेश त्याच्या ताब्यात, आणि संदेशांत ओटीपी असतात. हीच फाइल कधी आरटीओच्या दंडाची पावती बनून येते, कधी शेतकरी योजनेची यादी, तर कधी लग्नपत्रिका. नाना एकदा म्हणाले, पत्रिका घेऊन माणूस येत नसेल तर ते लग्न आपल्याकडलं नाही. पोरांना हे म्हातारपणाचं खूळ वाटलं. मला तो नियम पाठ करण्याजोगा वाटतो.

साड्यांच्या खोट्या दुकानांवर थोडं थांबतो, कारण त्या बाबतीत पांडेसऱ्याला फसवणं सोपं नाही. साडीची सगळी कुंडली इथे माहीत असते. ग्रे, म्हणजे कोरा, ताका साच्यावर, म्हणजे मागावर विणला जातो, मिलमध्ये रंगतो आणि छापला जातो. पुढे साड्यांचे गठ्ठे घराघरांत येतात, बाया दुपारी दारात बसून लेस लावतात, खडे चिकटवतात, धागे कापतात, आणि घडी होऊन माल रिंग रोडच्या मार्केटला जातो. माझ्या शेजारच्या आक्का हे काम करतात. एक दिवस त्यांच्या फोनवर जाहिरात आली. सुरतची फॅक्टरी, गोदाम खाली करायचं आहे, पाच साड्या एका साडीच्या भावात. चित्रातली खड्यांची वेल आक्कांनी ओळखली. महिन्यापूर्वी त्यांच्याच हाताखालून गेलेली. आणि भाव बघून त्या म्हणाल्या, “एवढ्यात तर लेसचेही पैसे निघत नाहीत, भाऊ. साडी काय हवेत विणली?”

बनावट दुकान ओळखण्याची याहून पक्की कसोटी मला माहीत नाही. एखाद्या वस्तूत किती हात राबतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला खोटा भाव डोळ्यांना टोचतो. स्वस्त मिळतंय म्हणून हरखून जाणं हे फक्त मेहनत न पाहिलेल्या माणसालाच जमतं. आक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मार्केट कोणतं? दुकान नंबर काय?” साइटवर ना मार्केट होतं ना नंबर, फक्त एक फॉर्म आणि एक व्हॉट्सअॅप क्रमांक. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यायलाच हवा. आक्कांना नियम माहीत नव्हता. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र नियमातलाच होता.

जीएसटी क्रमांक मात्र पानाच्या अगदी तळाशी होता, तो मी पाहिला. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गुजरातचे 24, महाराष्ट्राचे 27. इथे चलान लिहिणाऱ्या कोणत्याही पोराला 24 झोपेत सांगता येईल. सुरतच्या त्या फॅक्टरीचा क्रमांक 24 ने सुरूच होत नव्हता. सरकारी जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की तो कुणाचा आहे ते फुकट दिसतं. साइटचं वयही बघता येतं, हू-इज नावाची नोंद असते. पंचवीस वर्षं जुनी पेढी म्हणवणारी ती साइट तीन आठवड्यांपूर्वी जन्मली होती. पैसे आधी, तेही कुणा भलत्याच व्यक्तीच्या नावच्या यूपीआयवर. ज्यांनी भरले असतील त्यांना एक तर काहीच आलं नसेल, नाहीतर चिंध्यांचं पार्सल आलं असेल. अशांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर जरूर सांगावं, पण पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 ला, त्याबद्दल पुढे लिहितो.

नोकरी देणाऱ्या आणि कर्ज देणाऱ्या साइटना मी एकाच माळेत घालतो, कारण नानांच्या एका शब्दाने दोन्ही उघडी पडतात. तो शब्द म्हणजे उचल. ज्याला मजूर हवा असतो तो मजुराला आधी उचल देतो. ऊसतोडीला हीच रीत, वीटभट्टीला हीच, आणि गावाहून नवा आलेल्या पोराला पहिल्या आठवड्याची खर्ची ठेकेदारच देतो. मग काम देणारा जर पोराकडूनच नोंदणीचे, गणवेशाचे, प्रशिक्षणाचे पैसे मागत असेल, तर उचल उलट्या दिशेने चालली आहे. कर्जाचंही तसंच. मुद्रा योजनेचं कर्ज मंजूर झालं, फक्त फाइलचे अडीच हजार भरा, असं पत्र अशोकस्तंभाच्या चित्रासह येतं. मुद्रा कर्ज बँका आणि वित्तसंस्था देतात; कुणाच्या खासगी यूपीआयवर फी भरून ते मिळत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागते, हेही त्याच हिशेबातलं. साचेखात्यातली पोरं हे ऐकून घेतात, पण पगार थकलेला असला की त्याच पोरांचा हात त्या लिंककडे जातो. त्यांना मी दोष देत नाही. गरज असणं हा मूर्खपणा नाही.

जी साइट आधी खरोखर पैसे देते, ती ओळखणं सगळ्यात कठीण. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला तारे द्या, प्रत्येकी पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये येतात, दुसऱ्या दिवशी तीनशे. तिसऱ्या दिवशी मोठ्या कामासाठी पाच हजार अनामत, मग वीस हजार, मग काढायला गेलं की कर भरा. सुरतच्या कापड बाजाराला या युक्तीचं नाव फार पूर्वीपासून माहीत आहे: उठमणां. नवी पार्टी येते, थोडा माल उधार घेते, पैसे वेळेवर देते. पुन्हा थोडा जास्त, पुन्हा वेळेवर. विश्वास बसला की ट्रक भरून माल उचलते आणि एका सकाळी दुकानाचं शटर खाली. म्हणूनच जुने व्यापारी नव्या पार्टीचा दलाल कोण, जामीन कोण, ती मूळची कुठली, असं विचारत बसतात. तेही “कोन गावना?” विचारतात, फक्त गादीवर बसून विचारतात, म्हणून त्यांना कुणी खुळं म्हणत नाही.

आणि प्रश्न न विचारण्याची किंमत केवढी असू शकते, तेही सुरतने पाहिलं आहे. 2016 मध्ये सुरू झालेली बिटकनेक्ट ही साइट, जिच्या संस्थापकाचं नाव सुरतशी जोडलेलं आहे, लोकांकडून बिटकॉइन घेत असे आणि आपल्याकडच्या संगणकी यंत्राने सौदे करून नफा देतो असं सांगत असे. पडद्यावर रोज सरासरी एक टक्का वाढ दिसे. जानेवारी 2018 मध्ये ते बंद पडलं. अमेरिकी न्याय खात्याने फेब्रुवारी 2022 मध्ये संस्थापक सतीश कुंभाणी याच्यावर आरोप ठेवले, तेव्हा जगभरातल्या लोकांचे सुमारे 2.4 अब्ज डॉलर त्यात गेल्याचं म्हटलं. ईडीने फेब्रुवारी 2025 मध्ये या प्रकरणात सुमारे 1,646 कोटी रुपयांचं आभासी चलन जप्त केलं. यात पैसे घातलेले लोक अडाणी नव्हते. त्यांना ब्लॉकचेन, लेंडिंग, ट्रेडिंग बॉट असे शब्द येत होते, आणि माझा अंदाज असा, की त्या शब्दांमुळेच साधा प्रश्न विचारायची लाज वाटली असणार. रोज एक टक्का नफा करणारं यंत्र ज्याच्याजवळ आहे, तो माझे पैसे कशाला मागेल? हा प्रश्न नानांना विचारता आला असता.

इथल्या तरुणांना एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. तुमचं खातं भाड्याने मागणारे येतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड द्या, महिन्याला इतके घ्या, बाकी काही करायचं नाही. बनावट साइटवर गेलेला पैसा आधी अशाच खात्यांत उतरतो. सुरत पोलिसांनी अशा टोळ्या वारंवार पकडल्या आहेत, आणि पोलिसांची पहिली थाप ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारावर पडते. तो गंजामचा असो की शिरपूरचा, गावी आईबापांना नोटीस जाते. मधला माणूस तोवर सिम बदलून मोकळा झालेला असतो.

आता त्या दोन दिवसांकडे परत येतो. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी नंतर वाचलं. ग्राहकाने स्वतःच ओटीपी देऊन टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चौदा हजार माझ्या हातून गेले हे खरं, पण दुसऱ्या दिवशीचे सहा हजार फक्त लाजेने गेले. संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार देशात 2023 साली सायबर फसवणुकीत 7,465 कोटी रुपये गेले आणि 2024 मध्ये 22,845 कोटी. हे ज्यांनी तक्रार केली त्यांचे. माझ्यासारखे गप्प बसलेले त्यात नाहीत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लवकर फोन गेला तर पैसा ज्या खात्यात उतरला तिथेच अडवता येतो. उशीर झाला की तो दहा खात्यांत फुटतो आणि एटीएममधून बाहेर पडतो. पहिला तास महत्त्वाचा. त्या तासात माणूस काय करत असतो? बहुतेक वेळा भिंतीकडे तोंड करून स्वतःला शिव्या देत असतो.

आक्कांनी तसं केलं नाही. गेल्या पावसाळ्यात रात्री सव्वादहाला त्यांचा धाकटा, साच्यावर काम करणारा, एका नोकरीच्या साइटवर साडेआठ हजार घालवून बसला. पोरगं पांढरंफटक पडलं होतं. आक्का सरळ गल्लीत आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “आमच्या पोराला ठगवलं. कुणाला काय करायचं ठाऊक असेल तर या!” खिडक्या उघडल्या. ओडिया शेजारी आला, वरच्या मजल्यावरचा भैया आला, मी गेलो, नाना काठी टेकत आले. कुणी हसलं नाही.

एक पोरगा बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू लागला, तर नानांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. शोधून मिळणाऱ्या नंबरांत ठगांचे नंबर मिसळलेले असतात, हे मी त्यांना माझ्या प्रकरणानंतर सांगितलं होतं. त्यांनी ते ध्यानात ठेवून 1930 आपल्या दारामागे, दूधवाल्याच्या हिशेबाखाली कोळशाने लिहून घेतला होता. फोन लागला. पलीकडच्या बाईंनी रक्कम विचारली, वेळ विचारली, व्यवहाराचा क्रमांक विचारला. पोराचा आवाज फुटेना, तेव्हा आक्कांनी सांगितलं, “सव्वादहाला गेले, आत्ता दहा पस्तीस झालेत, मी घड्याळ बघूनच बाहेर आले.”

क्रमांक वाचायला पोराने फोन खाली धरला, तेवढ्यात नानांनी तो हातात घेतला आणि विचारलं, “बाई, तुम्ही कोणत्या गावच्या?” क्षणभर कुणीच बोललं नाही. मग त्या बाईंनी गुजरातीत आपलं गाव सांगितलं, तालुकाही सांगितला. नानांनी मान डोलावली आणि फोन पोराकडे दिला. “सांग आता,” ते म्हणाले.